किल्ली गावाच्या हाती

केरळला जाणाऱ्या पर्यटकाची यादी ठरलेली असते. कोवळमचा समुद्रकिनारा, आलप्पुझाची हाउसबोट, मुन्नारचे चहाचे मळे, कथकलीचा एखादा प्रयोग आणि परतताना केळ्याचे वेफर्स. या यादीत एक गोष्ट कधीच नसते, पण ती प्रत्येक रस्त्यावर दिसते. बस गावागावांतून जात असते तेव्हा दर दोन-चार वळणांनंतर एक कौलारू किंवा स्लॅबची लहानशी इमारत मागे पडते. दारावर मल्याळम अक्षरांतला फलक, पुढे लहानसा व्हरांडा, त्यात लाकडी बाके आणि बाकावर वर्तमानपत्र उघडून बसलेली माणसे. ही असते गावाची ‘वायनशाला’, म्हणजे वाचनशाळा.

नावावरून हे केवळ वाचनालय वाटेल, पण तेवढेच ते नसते. गावातल्या मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा येथे होतात, नाटकाच्या तालमी होतात, एखाद्या प्रश्नावर सभा भरते, नोकरीच्या परीक्षेचे अर्ज भरून दिले जातात. अनेक ठिकाणी फलकावर वायनशालेच्या नावाला ‘आर्ट्स अँड स्पोर्ट्स क्लब’ जोडलेले दिसते. शहरी भाषेत ज्याला कम्युनिटी सेंटर म्हणतात ते केरळच्या खेड्यात गेली कित्येक वर्षे पुस्तकांच्या आधाराने उभे आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात कुतूहल वाटण्याचे कारण आहे. समाजमंदिर ही वास्तू मराठी गावांनाही नवी नाही. आमदार निधीतून, १९९३ पासून खासदार निधीतून, कधी जिल्हा परिषदेच्या योजनेतून अशी सभागृहे बांधली गेली. भिंतीवर उद्‍घाटकांची नावे कोरलेली संगमरवरी पाटी असते आणि दाराला कुलूप असते. किल्ली कोणाकडे आहे, हे विचारावे लागते. लग्न, मतदान किंवा एखादे शिबिर असले की दार उघडते, एरवी व्हरांड्यात धान्य वाळत असते. इमारत असते, पण तिचे केंद्र होत नाही. मग केरळमध्ये ते कशामुळे झाले? आणि तिथले दार तरी खरोखर सर्वांना उघडे आहे का? नेहमीच्या सहलीत दोन-तीन थांबे वाढवले, तर या प्रश्नांची उत्तरे वाटेतच मिळतात.

राजधानीतले जुने ग्रंथालय

प्रवासाची सुरुवात तिरुवनंतपुरमपासून करावी. सचिवालयासमोरच्या चौकाला सगळे शहर ‘स्टॅच्यू’ म्हणते. रिक्षावाल्याला एवढा एकच शब्द पुरतो. हा पुतळा कोणाचा, हे मात्र मराठी पर्यटकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तो आहे सर टी. माधवराव यांचा. कुंभकोणम येथे १८२८ मध्ये, तंजावरच्या मराठी परंपरेतल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८७२ पर्यंत ते त्रावणकोर संस्थानाचे दिवाण होते आणि पुढे इंदूर व बडोदा संस्थानांचाही कारभार त्यांनी पाहिला. मराठी माणसाच्या नावाने ओळखला जाणारा चौक केरळच्या राजधानीच्या मध्यभागी असावा, ही गोष्ट थोडा वेळ थांबून पाहण्यासारखी नक्कीच आहे.

तेथून थोड्या अंतरावर, पाळयम भागात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८२९ हे त्याच्या स्थापनेचे वर्ष. स्वाती तिरुनाळ या संगीतज्ञ राजाच्या काळात सुरू झालेले हे ग्रंथालय देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे. १८९८ मध्ये ते सरकारच्या ताब्यात आले. जुनी, युरोपीय धाटणीची इमारत, उंच छत, आत शांत वाचनकक्ष आणि बाहेर विद्यार्थ्यांच्या दुचाक्या. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले येथे दिवसभर बसलेली दिसतात.

पण राजधानीत मोठे ग्रंथालय असणे ही काही केरळचीच खासियत नाही. मुंबई, पुणे, बडोदा, कोलकाता, चेन्नई या शहरांतही तसे ते आहे. शहरातल्या ग्रंथालयात जाण्यासाठी वेळ लागतो, बसचे भाडे लागते आणि आत शिरण्याचे धैर्यही लागते. शेतमजूर, विडी कामगार किंवा पाचवीतली मुलगी तिथे एकटी जात नाही. म्हणून केरळची खरी गोष्ट राजधानीबाहेर पडल्यावरच सुरू होते.

कुलूप नसलेली कपाटे

कोल्लमहून कोट्टारक्कराकडे गेले की जवळच पेरुमकुळम हे गाव लागते. महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये या गावात ‘बापूजी स्मारक वायनशाला’ उभी राहिली. गांधीजींचा पुतळा कोठे बसवायचा, यावर अनेक गावांत खल झाला असेल. पेरुमकुळमने वाचनालय काढले.

अलीकडच्या काळात या वायनशालेने आणखी एक पाऊल टाकले. गावाच्या रस्त्यांच्या कडेला, वळणांवर लहान कपाटे उभी केली. पक्ष्यांसाठी झाडाला टांगतात तशा घरट्यासारखी ही कपाटे आहेत आणि लोक त्यांना ‘पुस्तकांची घरटी’च म्हणतात. दाराला कुलूप नाही. वाटेने जाणाऱ्या कोणीही पुस्तक काढावे, वाचावे आणि परत ठेवावे. २०२१ मध्ये पेरुमकुळमला केरळचे ‘पुस्तकग्राम’ म्हणून घोषित करण्यात आले.

येथे मराठी वाचकाला सातारा जिल्ह्यातले भिलार आठवेल. महाबळेश्वर-पाचगणीजवळचे हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. घराघरांतल्या खोल्यांमध्ये मराठी पुस्तके मांडली गेली. दोन्ही गावे पाहण्यासारखी आहेत, पण त्यांच्यातला फरकही ध्यानात घ्यावा. भिलारची कल्पना राज्य सरकारकडून गावात आली आणि गावाने ती आपलीशी केली. पेरुमकुळमची घरटी गावातल्या सत्तर वर्षे जुन्या वाचनालयातून निघाली आणि सरकारची मोहोर नंतर उमटली. भिलारला मुख्यतः पाहुणे येतात. पेरुमकुळमची कपाटे शाळेतून घरी परतणाऱ्या मुलांच्या वाटेवर आहेत.

४७ वाचनालयांची सभा

केरळमधल्या खेड्यापाड्यांत वाचनालये एवढ्या संख्येने कशी झाली, हे समजण्यासाठी अंबलप्पुझाला उतरावे लागते. आलप्पुझाच्या दक्षिणेला, रेल्वेने काही मिनिटांवर हे गाव आहे. पर्यटक येथे येतात ते श्रीकृष्ण मंदिरासाठी आणि तेथल्या पालपायसम या दुधातांदळाच्या खिरीसाठी. याच गावी पी. के. स्मारक ग्रंथशाला आहे. १४ सप्टेंबर १९४५ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या ४७ वाचनालयांचे प्रतिनिधी येथे जमले आणि त्यांनी ग्रंथशाला संघ स्थापन केला. केरळमध्ये हा दिवस ग्रंथशाला दिन म्हणून पाळला जातो.

या सभेमागचा माणूस होता पी. एन. पणिक्कर नावाचा शाळामास्तर. १९०९ मध्ये कुट्टनाडच्या पाणथळ मुलखातल्या नीलंपेरूर या गावी त्यांचा जन्म झाला. १९२६ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांनी गावात ‘सनातनधर्म’ वाचनालय सुरू केले. पुढचे आयुष्य त्यांनी गावोगाव फिरण्यात घालवले. जिथे वाचनालय नसेल तिथे चार माणसे गोळा करायची, एखाद्याच्या ओट्यावर पुस्तके मांडायची आणि नोंदवही सुरू करून द्यायची, अशी त्यांची पद्धत. १९५६ मध्ये भाषावार केरळ राज्य झाले तेव्हा संघही राज्यभराचा झाला. १९७० मध्ये संघाने राज्याच्या दक्षिण टोकावरच्या पारश्शालापासून उत्तरेच्या कासरगोडपर्यंत पदयात्रा काढली. ‘वाचा आणि वाढा’ हा तिचा संदेश होता. १९७५ मध्ये संघाला युनेस्कोचा क्रुप्सकाया पुरस्कार मिळाला. १९ जून १९९५ रोजी पणिक्कर यांचे निधन झाले. तेव्हापासून १९ जून हा वाचन दिन झाला आहे.

या इतिहासात मराठी मुलखाचाही वाटा शेजारी ठेवून पाहता येतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून मोफत ग्रंथालयांची योजना आखली होती. खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या जात. १९४५ मध्येच, म्हणजे अंबलप्पुझाच्या सभेच्या वर्षी, कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. म्हणजे सुरुवात कोठे आधी झाली, हा प्रश्न नाही. बडोद्यात आणि कोल्हापुरात ती राजाच्या आज्ञेने झाली. अंबलप्पुझात आधी ४७ गावांनी आपापली वाचनालये काढली आणि नंतर ती एकत्र आली.

बोटीने कोट्टायमला

आलप्पुझाहून कोट्टायमला बसने जाता येते, पण राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटीने जावे. हाउसबोटीचे हजारो रुपये मोजावे लागतात. ही बोट गावकऱ्यांची आहे आणि तिचे भाडे किरकोळ असते. सुमारे अडीच तासांच्या प्रवासात दोन्ही बाजूंना भातखाचरे, पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलेली शेते, धक्क्यावर चढणाऱ्या शाळकरी मुली आणि मासळीच्या टोपल्या दिसत राहतात. पणिक्करांचा कुट्टनाड तो हाच.

कोट्टायम हे अक्षरांचे शहर. ‘मलयाळ मनोरमा’ हे दैनिक येथलेच. १९४५ मध्ये लेखकांनी एकत्र येऊन स्वतःची सहकारी प्रकाशन संस्था काढली तीही येथेच. साखर आणि दूध यांची सहकारी चळवळ पाहिलेल्या मराठी माणसाला लेखकांची सहकारी संस्था ही कल्पना गमतीची वाटेल, पण तिने लेखकांना त्यांच्या पुस्तकांचे रीतसर मानधन मिळवून दिले. कोट्टायमचे सार्वजनिक ग्रंथालय १८८२ चे आहे आणि त्याच्या स्थापनेशी दिवाण पेशकार टी. रामराव यांचे नाव जोडलेले आहे. १९८९ मध्ये कोट्टायम देशातले पहिले पूर्ण साक्षर शहर ठरले. त्यानंतर १९९० मध्ये एर्नाकुलम जिल्हा आणि १८ एप्रिल १९९१ रोजी संपूर्ण राज्य साक्षर घोषित झाले. या मोहिमेत रात्रीचे वर्ग भरवायला जागा शोधावी लागली नाही. गावोगाव वायनशाला होत्याच.

कोट्टायमच्या उत्तरेला वैकम आहे. ‘कोणाला प्रवेश आहे?’ हा प्रश्न केरळमध्ये किती जुना आणि किती जळजळीत होता, हे वैकमच्या महादेव मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालताना कळते. या रस्त्यांवरून चालण्याचाही हक्क ज्या जातींना नव्हता, त्यांच्यासाठी १९२४-२५ मध्ये येथे सत्याग्रह झाला. त्यानंतर दोन वर्षांनी महाडच्या चवदार तळ्यावर तोच प्रश्न उभा राहिला. त्रावणकोरमध्ये मंदिरांची दारे सर्व हिंदूंना खुली झाली ती १९३६ मध्ये. या पार्श्वभूमीवर गावच्या वायनशालेतल्या बाकाचे महत्त्व समजते. एकच वर्तमानपत्र, एकच बाक आणि शेजारी बसणाऱ्याची जात न विचारण्याचा रिवाज, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

विड्या वळताना ऐकलेले वर्तमानपत्र

उत्तर केरळ, म्हणजे जुना मलबार, हा भाग मद्रास प्रांतात होता. त्रावणकोरसारखे संस्थान तेथे नव्हते. कन्नूर परिसरातल्या विडी कारखान्यांत मात्र वाचनाची एक वेगळीच पद्धत होती. कामगार ओळीने बसून विड्या वळत आणि त्यांच्यातलाच एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीचे मिळून वळत, म्हणजे त्याची मजुरी बुडत नसे. १९६९ मध्ये कन्नूरला सुरू झालेल्या ‘दिनेश बीडी’ या कामगारांच्या सहकारी संस्थेतही ही पद्धत चालू राहिली. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना जगाची खबर अशी मिळाली. पुस्तक माणसापर्यंत नेण्यासाठी दरवेळी इमारतच लागते असे नाही, हे या विडी कामगारांनी दाखवून दिले.

याचे आणखी टोकाचे उदाहरण इडुक्की जिल्ह्यातल्या जंगलात होते. एडमालक्कुडी या आदिवासी पंचायतीत एका चहावाल्याने आपल्या टपरीत १६० पुस्तके ठेवली होती. मुतुवन समाजातले लोक चहा पिण्यासाठी येत आणि पुस्तक घेऊन जात. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये जंगलातून पायपीट करून ते वाचनालय पाहिले आणि त्याची हकीकत जगापुढे आणली. पुस्तकांच्या नोंदवहीत कोणी काय नेले, हे नेटकेपणाने लिहिलेले होते.

पैसा कोठून, परीक्षा कोणाची

भावनेवर वाचनालय सुरू होते, पण ते पैशावर चालते. केरळने १९८९ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. त्यात ग्रंथालय उपकराची तरतूद आहे. घरपट्टीच्या प्रत्येक रुपयामागे पाच पैसे ग्रंथालयांसाठी वेगळे घेतले जातात. घरमालकाला ही रक्कम जाणवतही नाही, पण ‘आमच्या पैशावर चालते’ असे म्हणण्याचा हक्क त्याला मिळतो. शिवाय राज्याच्या शिक्षणावरील तरतुदीतला एक टक्का ग्रंथालयांना द्यावा, असेही कायदा सांगतो. गावच्या ग्रंथालयाची समिती निवडून येते आणि तिचे प्रतिनिधी तालुका, जिल्हा व राज्य ग्रंथालय परिषदेपर्यंत पोचतात. आज या परिषदेशी संलग्न ग्रंथालयांची संख्या आठ हजारांहून अधिक आहे.

अनुदान सरसकट मिळत नाही. दरवर्षी तपासणी होते आणि ग्रंथालयाला श्रेणी दिली जाते. ग्रंथसंख्या, सभासद, पुस्तकांची देवघेव, वर्षभरातले कार्यक्रम आणि हिशेब पाहिले जातात. चांगली श्रेणी मिळाली तर अनुदान वाढते. महाराष्ट्रातही १९६७ च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि त्याप्रमाणे अनुदान येते. पण महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही. त्यामुळे ग्रंथालयाचे डोळे सरकारी तिजोरीकडे लागलेले असतात आणि अनुदान रखडले की ग्रंथपालाचा पगारही रखडतो.

या श्रेणीपद्धतीचा फायदा उघड आहे. केंद्र चालू ठेवण्याला मोल येते. पण तिच्यात एक उणीवही आहे. किती पुस्तके बाहेर गेली हे नोंदवहीत दिसते, कोण आत आलेच नाही हे दिसत नाही.

उंबरठ्यावर थबकलेली पावले

म्हणून केरळची वायनशाला पाहताना नुसते कौतुक करून परतू नये. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास एखाद्या वाचनालयासमोर थोडा वेळ उभे राहावे आणि आत कोण आहे ते मोजावे. वर्तमानपत्र वाचणारे निवृत्त गृहस्थ असतात, कॅरम खेळणारी तरुण मुले असतात, परीक्षेच्या पुस्तकात डोके घातलेला एखादा पदवीधर असतो. बायका फारशा दिसत नाहीत. त्या वेळी त्या स्वयंपाकघरात असतात, किंवा पुरुषांनी भरलेल्या व्हरांड्यातून आत जाणे त्यांना नकोसे वाटते. दारावर ‘महिलांना प्रवेश नाही’ अशी पाटी अर्थातच नसते. पण वेळ आणि बैठक या दोन गोष्टीच तसे सांगत असतात.

केरळच्या ग्रंथालय परिषदेने यावर शोधलेला उपाय व्यवहारी आहे. बायका वाचनालयात येत नसतील तर वाचनालय त्यांच्या घरी जाईल. पुस्तके पिशवीत घेऊन महिला कार्यकर्त्या घरोघर जातात, वाचलेली परत घेतात, नवी देतात आणि नोंद करतात. वाचनालयांत महिला, बालक आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी वेगवेगळ्या ‘वेदी’, म्हणजे मंडळे, असतात. ज्या गावात ती खरोखर चालतात तेथे दुपारच्या वेळी बायकांची बैठक भरलेली दिसते. जिथे ती कागदावर असतात तिथे संध्याकाळचे चित्र तेच राहते. घरपोच पुस्तक ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. मात्र पुस्तक घरी मिळाले म्हणून बाकावरची जागा मिळाली असे होत नाही. पुस्तकाइतकीच चार माणसांत बसून बोलण्याची संधीही महत्त्वाची असते.

दुसरा अडथळा पायऱ्यांचा. २०११ च्या जनगणनेत केरळमध्ये साठीपुढच्या लोकांचे प्रमाण १२.६ टक्के होते, देशातले सर्वाधिक. मुले आखाती देशांत किंवा बंगळूरला आणि घरी वृद्ध आईवडील, अशी कुटुंबे येथे गल्लोगल्ली आहेत. दिवसातला तासभर बोलायला माणूस हवा, ही त्यांची पहिली गरज. पण अनेक जुन्या वायनशालांत खाली दुकानांचे गाळे आणि वरच्या मजल्यावर वाचनकक्ष अशी रचना आहे. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात असे सांगतो. नव्या इमारतींत रॅम्प दिसू लागले आहेत. जुन्या इमारतींत गुडघेदुखीच्या आजोबांना खालच्या चहाच्या दुकानातच वर्तमानपत्र वाचावे लागते.

तिसरा अडथळा भाषेचा. केरळच्या बांधकामांवर, प्लायवुडच्या कारखान्यांत, हॉटेलांत बंगाल, आसाम, ओडिशा, बिहारमधून आलेले लाखो कामगार आहेत. रविवारी ते रस्त्याच्या कडेला, मोबाइल दुकानांसमोर घोळक्याने उभे असतात. वायनशालेत त्यांच्यासाठी एखादे बंगाली वर्तमानपत्र असणे हा अपवादच. राज्य साक्षरता मिशनने २०१७ मध्ये पेरुंबावूर येथे ‘चंगाती’, म्हणजे मित्र, हा उपक्रम सुरू करून या कामगारांना मल्याळम शिकवायला घेतले. ही चांगली सुरुवात होती. मुंबई-पुण्यात येणाऱ्या परप्रांतीय कामगारांचा विचार केला तर हा प्रश्न केवळ केरळचा नाही, हे लक्षात येते.

चौथी गोष्ट राजकारणाची. वाचनालयाची समिती निवडून येते, याचा अर्थ तेथे पक्षही पोचतात. काही गावांत कोणते वाचनालय कोणत्या पक्षाचे, हे शेंबडे पोरही सांगते. मग दुसऱ्या पक्षाचे घर त्या वाटेला जात नाही. निवडणुकीमुळे किल्ली गावाच्या हाती राहिली हे खरे, पण ती अर्ध्याच गावाच्या हाती गेली तर दार पुन्हा बंद झाल्यासारखेच.

एवढ्या उणिवा असूनही संकटाच्या काळात या जागा किती कामाच्या ठरतात, हे २०२० मध्ये दिसले. करोनामुळे शाळा बंद होत्या आणि १ जूनपासून ‘व्हिक्टर्स’ या शैक्षणिक वाहिनीवर मुलांचे वर्ग सुरू झाले. ज्या घरांत टीव्ही किंवा मोबाइल नव्हता, त्या मुलांनी काय करायचे? गावोगावच्या वायनशाला आणि अंगणवाड्यांत टीव्ही लावून, अंतर राखून मुलांना बसवले गेले. अशी व्यवस्था ऐनवेळी होऊ शकली, कारण जागा मुलांच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती आणि दार कसे उघडायचे हे गावाला माहीत होते.

आपले केंद्र कसे पारखाल?

केरळहून परतताना मसाले आणि केळ्याच्या वेफर्सबरोबर एक सवय आणता आली तर उत्तम. आपल्या गावातले समाजमंदिर, वॉर्डातले विरंगुळा केंद्र, सोसायटीजवळचे सार्वजनिक वाचनालय पाहताना इमारतीच्या रंगरंगोटीकडे नंतर पाहावे. आधी तेथवर चालत किती मिनिटे लागतात ते मोजावे. दहा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांच्या आजी तेथे एकट्या जाऊ शकतील का, हे पाहावे. नोकरी करणाऱ्या बाईला ज्या वेळी सवड असते त्या वेळी ते उघडे असते का? बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे का, आणि त्याला पाणी आहे का? चाकाची खुर्ची आत जाते का? वर्षाचा हिशेब भिंतीवर लावलेला आहे का? आणि किल्ली एकाच माणसाच्या खिशात असते की दोन-तीन घरी? या प्रश्नांची उत्तरे शोधायला सरकारी समिती लागत नाही. दोन संध्याकाळी पुरतात. उत्तरे समाधानकारक नसतील तर ग्रामसभेत किंवा वॉर्ड सभेत तीच मांडावीत. नवी इमारत मागण्याआधी आहे त्या इमारतीच्या वेळा बदलून मागाव्यात. त्याला निधी लागत नाही.

प्रवासाला निघताना

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेमार्गाने तिरुवनंतपुरमपर्यंत जाते. तिरुवनंतपुरमहून कोल्लम, तेथून कोट्टारक्करामार्गे पेरुमकुळम, परत किनाऱ्याच्या रेल्वेमार्गाने अंबलप्पुझा व आलप्पुझा, मग बोटीने कोट्टायम आणि शेवटी वैकम, असा मार्ग सहा-सात दिवसांत आरामात होतो. मलबार पाहायचा असेल तर परतीच्या वाटेवर कन्नूरला एक दिवस उतरता येते. हवामानाच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. पण वायनशाला जागी पाहायची असेल तर १९ जूनला सुरू होऊन ७ जुलैपर्यंत चालणारा वाचन पंधरवडा गाठावा. पाऊस धो धो पडत असतो, पर्यटक कमी असतात आणि गावोगाव मुलांच्या स्पर्धा, पुस्तकांची प्रदर्शने आणि चर्चा चालू असतात.

वायनशालेत जाताना सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे, दुपारी बहुतेक बंद असतात. इतरांनी चपला बाहेर काढल्या असतील तर आपणही काढाव्यात. फोटो काढण्याआधी विचारावे. मल्याळम येत नसले तरी बिघडत नाही. हिंदी किंवा इंग्रजी समजणारे कोणी ना कोणी भेटते. नोंदवहीत नाव लिहायला सांगितले तर गाव आणि जिल्हाही लिहावा. आणि बसायला बाकावर जागा करून दिली, तर घाई न करता बसावे.